वीतभर उकरलेला आखाडा

१९७३ च्या चैत्रात नेकनूरजवळच्या आमच्या गावात यात्रेची कुस्ती झाली. तिच्यानंतर मला पुन्हा कुणी मातीत घातलं नाही. मी एक जुनं खोरं आहे, मित्रांनो. पाटोद्याच्या लोहाराने माझं पातं ठोकलं, त्याला बाभळीचा दांडा बसवला आणि मी गावच्या तालमीत आलो.

तालमीचे वस्ताद राधाकिशन रोज पहाटे मला हातात घ्यायचे. माती खोलवर उकरायची, ढेकळं फोडायची, मग ताक, तेल, हळद आणि पाणी घालून ती मुरवायची. मऊ मातीत पडलेला पैलवान हसत उठतो. त्यामुळे लोक वस्तादांच्या हाताचं कौतुक करत, आणि थोडं माझंही.

त्या काळी त्रिंबक पैलवान फार गाजत होता. समोरच्याच्या अंगावर माती टाकताना तो त्याच्या आईबापाचाही उद्धार करी. निम्मे लोक त्याची पाठ थोपटायला येत, निम्मे ती मातीला लागलेली बघायला. येत मात्र सगळेच. सहकारी साखर कारखान्याचे संचालक अर्जुनराव हे ओळखून होते. दुष्काळ असूनही त्यांनी यात्रेत त्याची कुस्ती ठेवली. समोर उत्तरेश्वर ठरला. जानकीबाईंचा हा एकुलता मुलगा दुष्काळी कामावर खडी फोडायचा. जिंकला तर कारखान्यात कायमची नोकरी, असा शब्द त्याला मिळाला होता.

आखाडा भिजवायला कारखान्याचा टँकर आला. तो थांबताच बायका घागरी घेऊन धावल्या. जानकीबाई सगळ्यांत पुढे होत्या. वस्तादांनी मला खाली टाकलं.

"माती तहानेनं मरत न्हाई," ते म्हणाले. "भरा बायांनो."

टँकर रिता झाला. मग कोरडी माती उकरायला घेतली, तर वीतभर खाली दगडासारख्या कडक थरावर माझं पातं खणखणलं. वस्ताद थांबले. आखाड्याचं पाणी बायकांनी नेलं हे सांगितलं तर अर्जुनराव गावात पुन्हा टँकर पाठवणार नाहीत, ही त्यांना भीती. त्यांनी वरची माती चाळून भुसभुशीत केली आणि तिच्यावर हळद शिंपडली. आखाडा पिवळाधमक, देखणा दिसू लागला.

दुसऱ्या दिवशी हलगी कडाडली. त्रिंबकने शड्डू ठोकला.

"खडी फोडून आलास व्हय बे? आता सोताची हाडं मोजून घे."

काही जण हसले, काहींनी त्रिंबकला शिव्या दिल्या. उत्तरेश्वर इतका चिवट लढला की लोक त्याच्या नावाने ओरडू लागले. त्रिंबक चिडला. त्याने उत्तरेश्वरला खांद्यावर उचललं आणि आपटलं. मऊ मातीत आवाज दबतो. तो आवाज दबला नाही.

वस्ताद धावले. उत्तरेश्वर आभाळाकडे बघत होता.

"वस्ताद, माझे पाय कुठं हायत?"

निम्मी माणसं त्रिंबकवर धावून गेली, निम्म्यांनी त्याला खांद्यावर घेतलं. जानकीबाई लेकाशेजारी बसल्या. आधाराला त्यांनी मातीत हात रोवला, तो वीतभरच गेला.

"वस्ताद, माती कोरडी कावून हाय?"

जानकीबाईंच्या घरी घागरी भरलेल्या होत्या.

मित्रांनो, तुम्हीही कुस्त्या बघाल. कुणावर जीव टाकाल, कुणाचा राग राग कराल. पण त्याआधी कुणी पडलं तर कशावर पडेल, हे एकदा वाकून बघा. आणि खाली मऊ नसेल तर हलगी वाजू देऊ नका.

उत्तरेश्वर पुन्हा उठला नाही. जानकीबाई त्याला कुशीवर वळवत राहिल्या, आणि तो गेल्यावर म्हातारपणी ऊसतोडीच्या गाडीत बसल्या. राधाकिशन तालमीची पायरी परत चढले नाहीत. अर्जुनराव कारखान्याचे चेअरमन झाले. त्रिंबकला पूर्वीपेक्षा जास्त बोलावणी येऊ लागली. शिव्या देणारेही लांबून बघायला येत. गुडघा गेल्यावर तो कारखान्याच्या फाटकावर पहारा देत बसला आणि तिथेच थकला. तालमीत आता सोसायटीच्या खताची पोती आहेत. त्यांच्यामागे मी गंजत पडलो आहे. पोती न्यायला आलेली माणसं त्रिंबक मर्द होता की माजोरी, यावर अजून भांडतात. समोर कोण होतं, हे त्यांच्यापैकी कुणालाच आठवत नाही.