सुताराचा उजवा हात

भाऊ वारल्याच्या तिसऱ्या आठवड्यात सुताराच्या उजव्या हातानं काम सोडलं. पटाशी धरली की बोटं आपोआप उघडायची आणि पटाशी खाली पडायची. दोनदा पायावर पडता पडता राहिली, तिसऱ्यांदा राहिली नाही. पायाच्या अंगठ्याला चार टाके घातल्यावर डॉक्टरांनी हातही तपासला, फोटो काढले, सुया टोचून पाहिल्या आणि हातात काहीही दोष नाही असं सांगितलं.

"मग हातातून पडतं कसं?" सुतारानं विचारलं.

डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. वरच्या मजल्यावर समुपदेशक बाई बसतात, त्यांना भेटा.

सुताराच्या बायकोला हे रुचलं नाही. नवऱ्याच्या डोक्यात बिघाड आहे असं कुणी लेखी द्यावं, हे तिला चालणार नव्हतं. तिनं त्याला मावशींकडे धाडलं. या मावशी कुणाच्याच सख्ख्या मावशी नव्हत्या. निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. दर गुरुवारी लाँड्रीच्या वरच्या खोलीत माणसं जमवून त्यांना तासभर गप्प बसवायच्या आणि शेवटी प्रार्थना म्हणायला सांगायच्या. कुठल्या देवाची, ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

सुतार सरळमार्गी माणूस. दोघांनी दोन ठिकाणी जायला सांगितलं, तो दोन्हीकडे गेला. मंगळवारी बाई, गुरुवारी मावशी.

बाईंनी त्याच्यासमोर एक रिकामी खुर्ची ठेवली. "इथे तुमचे दादा बसलेत असं समजा. त्यांच्याशी बोला."

सुतारानं उठून खुर्ची हलवून पाहिली. "मागचा पाय ढिला आहे. हिच्यावर कुणाला बसवू नका."

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. "दादांशी शेवटचं कधी बोललात?"

"अकरा वर्षं झाली."

"भांडण कशावरून?"

"दारावरून," सुतार म्हणाला आणि सगळं सांगून टाकलं. दोघा भावांचं दुकान एकच होतं. एका घरी दादानं स्वयंपाकघराचं दार उलटं बसवलं. ते बाहेर उघडायचं आणि जिन्यावरून उतरणाऱ्याच्या तोंडावर आदळायचं. धाकट्यानं ते गिऱ्हाइकासमोर बोलून दाखवलं. दादानं हत्यारं पिशवीत भरली, निघून गेला आणि दोन गल्ल्या सोडून वेगळं दुकान थाटलं. लाकूड दोघंही एकाच वखारीतून घ्यायचे. समोरासमोर आले की दोघंही लाकडाकडे बघायचे. अंत्यविधीला सुतार गेला, सगळ्यांच्या मागे उभा राहिला आणि परत आला.

"हे सगळं खुर्चीला सांगा," बाई म्हणाल्या. सुतार खुर्चीच्या ढिल्या पायाकडे बघत राहिला.

मावशींकडे वेगळी अडचण. "मनात जो येईल त्याला क्षमा करा," त्यांनी सांगितलं होतं.

"कुणी येतच नाही, मावशी."

"मग काय येतं?"

"ही पायाखालची फळी. बसवणाऱ्यानं चुकीची कापलीय."

"तिला क्षमा करा," मावशी म्हणाल्या.

त्यानं केली. पुढच्या गुरुवारी शेजारची फळी दिसली.

एकीकडचं बोलणं तो दुसरीकडे इमानदारीनं पोचवायचा. बाई म्हणाल्या, गप्प बसून दुःख आत दडपलं जात नाही ना, तेवढं बघा. मावशींनी उलट निरोप धाडला की खुर्चीकडून उत्तर हवं असेल तर आधी ऐकायची सवय लागते. सातव्या आठवड्यात सुतार टेकीला आला.

"तिथे शांत वाटतं, पण तोंड उघडत नाही," तो बाईंना म्हणाला. "इथे तोंड उघडायला सांगता, पण शांत वाटत नाही. दोन्ही एकाच जागी होईल का?"

बाईंनी बराच वेळ पेन चावलं. मग म्हणाल्या, "पेशंटबरोबर नातेवाइकाला बसता येतं."

पुढच्या मंगळवारी खिडकीतल्या कारकुनानं फॉर्म पुढे सरकवत विचारलं, "सोबतच्या बाईंचं नातं?"

"मावशी."

"सख्खी?"

"आता आहे," मावशी स्वतःच म्हणाल्या आणि सही करून मोकळ्या झाल्या.

आधी पंधरा मिनिटं मौन ठरलं. बाईंचा तो दिवसातला नववा पेशंट होता. त्यांना डुलकी लागली, मावशींनी हरकत घेतली नाही. भिंतीवरच्या घड्याळाखेरीज कशाचा आवाज नव्हता.

"दादा," सुतार म्हणाला, तशा बाई जाग्या झाल्या. "दार उलटंच होतं."

बाई काही बोलणार तेवढ्यात मावशींनी एक बोट वर केलं. चाळीस वर्षं वर्ग गप्प केलेलं बोट ते. बाई गप्प बसल्या.

"पण ते मी गिऱ्हाइकासमोर बोलायला नको होतं. घरी चहा पिताना सांगितलं असतं तर तूच हसला असतास." तो थांबला. "रंधा धरायला तूच शिकवलंस मला. माझा हात तुझ्या हातात धरून."

मग तो रडला. सवय नसल्यामुळे त्याला ते नीट जमत नव्हतं, मधेच उचकी लागत होती. मावशींनी रुमाल दिला, बाईंनी कागदी रुमाल दिला. त्यानं दोन्ही वापरले.

"दादा काय म्हणतात?" थोड्या वेळानं बाईंनी विचारलं.

"तो बोलत नाही माझ्याशी."

"मग कुणाला ठाऊक असेल?"

रविवारी तो वहिनींकडे गेला. अकरा वर्षांत त्या घरात पाय ठेवला नव्हता. वहिनींनी दार उघडलं, पाणी दिलं आणि समोर बसल्या.

"दादा शेवटपर्यंत माझ्यावर रागावलेला होता का, वहिनी?"

"ते कशाला रागावतील? ते म्हणायचे, धाकटा रागावलाय, निवळला की येईल आपणहून."

"त्या दारावरून..."

"त्याच दिवशी घरी येऊन म्हणाले, बोलला ते बरोबरच होतं, आता परत जाऊन तोंड कसं दाखवू. दोन महिन्यांत ते सगळं विसरले, भावजी. मग तुम्ही येत नाही म्हणून वाट बघत बसले."

"अकरा वर्षं?"

"तुम्ही नाही बसलात?" वहिनी म्हणाल्या. "जेवूनच जा. ताट वाढते."

तो जेवला. नको म्हणेपर्यंत वहिनी वाढत राहिल्या आणि दादानं शेवटच्या आजारात डॉक्टरांशी घातलेले वाद सांगत राहिल्या. एक दोन ठिकाणी सुताराला हसू आलं.

हात एकदम सुधारला नाही. आधी करवत आली, महिन्याभरानं पटाशी आली. बारीक नक्षी अजून येत नाही, पण ती फारशी कुणी मागतही नाही. मंगळवार आणि गुरुवार दोन्ही चालू राहिले. बाई आणि मावशी आता एकमेकींना परस्पर फोन करतात, त्यामुळे निरोप्याच्या कामातून तो सुटला.

एका संध्याकाळी बायकोनं विचारलं, "त्या बाईंकडे जागा असते का कधी?"

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी." ती कपड्यांच्या घड्या घालत होती, मान वर केली नाही. "अकरा वर्षं मीही जावेशी बोलले नाही. मला तर भांडण कशाचं, तेही ठाऊक नव्हतं. तुम्ही बोलत नव्हता, म्हणून मी बोलत नव्हते."

सुतारानं थोडा विचार केला. "बाईंकडे मग जा. आधी वहिनींकडे जाऊन ये."

दुसऱ्या दिवशी ती सकाळी गेली ती दिवेलागणीला परतली. बोलून बोलून तिचा घसा बसला होता.