अप्पा दुकानात नाहीत

अप्पा इंगवल्यांनी घाईघाईनं चपला पायांत सरकवल्या आणि वखारीची पायरी उतरून ते भर रस्त्यात जाऊन उभे राहिले. तिथून त्यांनी कान टवकारून आतला कानोसा घेतला. फोन वाजलाच नव्हता. समोरच्या गिरणीचा पट्टा कुठंतरी करकरला होता, एवढंच.

"अप्पा, घंटा तर वाजू दे की," कुतुबुद्दीन गल्ल्यावरून ओरडला. "तुमी रस्त्यावर, वैनी आत, आन् फोन गप. बघणाऱ्याला वाटायचं, नवराबायकोचं वाजलंय."

अप्पा परत वर चढले. बाकड्यावर कालिंदीबाई बसल्या होत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळायचं, सोडायचं, पुन्हा गुंडाळायचं, असं त्यांचं चाललं होतं. नजर मात्र गल्ल्यावरच्या त्या काळ्या यंत्रावरून हलत नव्हती. दर रविवारी नागपूरचा फोन सकाळच्या उन्हातच येऊन जायचा. आज ऊन पायरी चढून आत आलं तरी त्याचा पत्ता नव्हता.

"लाइनी खराब असतील," अप्पा म्हणाले. "पुण्याच्या बाजूला कायम काहीतरी असतं."

कालिंदीबाईंनी ऐकलं न ऐकलंसं केलं. लाइनींवर त्यांचा विश्वास पहिल्यापासूनच नव्हता.

खरं तर फोन घरातच घ्यावा, असं अप्पांच्या मनात होतं. लेक नंदी दिवस राहून नागपुरात. पहिलं सातव्या महिन्यात गेलेलं. या खेपेला ती माहेरी यायची, तर डॉक्टरांनी प्रवासाला सक्त मनाई केलेली. आपण जावं, तर जावयाच्या रेल्वेच्या दोन खोल्यांत विहीणबाई आधीच येऊन राहिलेल्या. तिसऱ्या म्हाताऱ्या माणसाला पाय पसरायला जागा कुठली? पत्र पोचेपर्यंत त्यातली बातमी शिळी व्हायची. तार आली की गल्लीतल्या बायका आधी रडायला लागायच्या आणि मग ती कुणाची आहे ते विचारायच्या. म्हणून अप्पा एके दिवशी कोट चढवून टेलिफोन कचेरीत जाऊन आले. तिथं अनामत सांगितली, वर्षाचं भाडं सांगितलं. संस्थान विलीन झालं तेव्हा दफ्तरखान्यातून पेन्शनीत निघालेल्या माणसानं ते आकडे ऐकून उठावं आणि कोटाची बटणं लावत घरी यावं, हेच शहाणपणाचं होतं.

पण अप्पा उठले नाहीत. उभ्या जन्मात त्यांनी नियम वाचण्याशिवाय दुसरं काही केलं नव्हतं. त्यांनी कारकुनाकडून पी. पी. कॉल म्हणजे काय ते खोदून खोदून विचारून घेतलं. ज्याच्याशी बोलायचं त्याचं नाव आधी सांगायचं. तो माणूस तिथं हजर असला तर बोलायचं आणि पुरे पैसे भरायचे. तो नसला, तर ऑपरेटर 'नाहीत' म्हणून कळवणार आणि फक्त किरकोळ फी पडणार. अप्पा घरी आले ते तरुण होऊनच.

"आपण हजर राहायचंच नाही!" त्यांनी कालिंदीबाईंना सांगितलं. "नुसतं नाव ऐकायचं. नावातच बातमी."

जावयाला, हंबीररावांना, सविस्तर पत्र गेलं. दर रविवारी त्यांनी कुतुबुद्दीनच्या वखारीतल्या फोनवर कॉल लावायचा. नृसिंह इंगवले, म्हणजे खुद्द अप्पा, पाहिजेत म्हणाले, तर सगळं क्षेम आहे, अजून काही नाही. बाळासो इंगवले म्हणाले, तर मुलगा. बाळाबाई म्हणाले, तर मुलगी. आणि धोंडुबाई म्हणाले, तर काहीतरी विपरीत आहे, मिळेल त्या गाडीनं निघा. धोंडुबाई ही अप्पांची आत्या. जाऊन जमाना झाला होता. ते नाव ठरवताना कालिंदीबाई चूल सोडून उठून गेल्या होत्या.

आता यात एकच अडचण निघाली, ती कुतुबुद्दीनची. फोन वापरायला त्यानं आनंदानं होकार दिला. राजारामपुरीत अप्पांनी घर बांधलं तेव्हाची दारं-खिडक्या त्याच्याच वखारीतली. पण खोटं बोलायला तो तयार होईना. "तुमी माझ्या म्होरं बसलेला, आन् मी न्हाईत म्हणू? शुक्रवारी मशिदीत कुठल्या तोंडानं जाऊ?" शेवटी तोड त्यानंच काढली. घंटा वाजली की अप्पांनी पायरी उतरून रस्त्यावर जायचं. मग कुतुबुद्दीन छाती पुढं काढून सांगणार, "इंगवले दुकानात न्हाईत." अक्षर न् अक्षर खरं. इतके रविवार हे सुरळीत चाललं होतं. अप्पा रस्त्यात उभे राहून आपण नसल्याचं ऐकायचे आणि खुशीत घरी जायचे.

कालिंदीबाईंना मात्र तो प्रकार कधीच रुचला नाही. ते 'न्हाईत' कानावर पडलं की त्या डोळे मिटून घ्यायच्या. पलीकडं आपला माणूस उभा, अलीकडं आपण, आणि मधे हा दांडगा आवाज.

आज सकाळपासून अप्पांनाही चैन नव्हतं. ते उगाच सागवानाच्या फळ्यांवर हात फिरवत होते. नवव्या महिन्याचे दिवस भरत आले होते. मागच्या रविवारी 'नृसिंह' आला होता. आज कोण येणार? त्यांच्या डोक्यात सारखी आत्या येत होती, आणि ते तिला परत पाठवत होते.

फोन वाजला.

कुतुबुद्दीननं हात वर केला, तसा मागचा आरा बंद झाला. अप्पा सवयीनं पायरीकडं धावले आणि एक पाय आत, एक बाहेर असे अडकून उभे राहिले.

"व्हय, वखारच... नागपूर? व्हय, व्हय... कोण पायजे?" कुतुबुद्दीननं ऐकलं, आणि फोनवर पंजा ठेवून तो इतक्या मोठ्यानं ओरडला की पंजा ठेवल्याचा काही उपयोग राहिला नाही. "बाळासो! बाळासो इंगवले पायजेत म्हणत्यात! अप्पा, नातू!"

अप्पांना काही सुचेना. त्यांनी चष्मा काढला, उपरण्यानं पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा काढला. छातीवरचा धोंडा उतरला होता. हसू आवरत नव्हतं. "बाळासो," ते म्हणाले. "बघ, आला का नाही बाळासो!"

"आता सांगतो न्हाईत म्हणून," कुतुबुद्दीन म्हणाला. "ह्ये तर खरंच की. बाळासो हितं कुठला असायला?" त्यानं पंजा काढायला घेतला.

"थांबा," कालिंदीबाई म्हणाल्या.

दोघांनी त्यांच्याकडं पाहिलं. त्या बाकड्यावरून उठल्या होत्या.

"आन् नंदी?"

"अगं, बाळासो म्हणजे..."

"पोरगा झाला, त्ये कळलं. माझी पोर कशी हाय?"

"बरी असणार! बरी नसती तर धोंडुबाईंचं नाव आलं असतं. ठरलंय तसं."

"पोरगा बी झाला आन् पोर बी बरी न्हाई, असं असलं तर कुणाचं नाव घ्यायचं ठरलंय?"

अप्पा बोटांवर मोजू लागले. मुलगा झाला तर, मुलगी झाली तर, काही झालं नाही तर, वाईट झालं तर, सगळ्याची तजवीज त्यांनी केली होती. ज्या लेकीसाठी एवढा खटाटोप केला, तिच्यासाठी मात्र एकही नाव नव्हतं. इतके रविवार ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नव्हती.

फोनमधून ऑपरेटरचा बारीक आवाज येत होता. "हॅलो, कोल्हापूर? बाळासो इंगवले आहेत का नाहीत?"

अप्पांनी पायरीवरचा पाय आत घेतला. गल्ल्यापाशी येऊन त्यांनी कुतुबुद्दीनच्या हातून फोन काढून घेतला.

"हाईत," ते म्हणाले. "मी बाळासो इंगवले बोलतोय."

खटखट झालं. मग विहिरीत वाकून ऐकावा तसा घुमणारा आवाज आला, आणि त्यातून हंबीररावांचा. "हॅलो? कोण बोलतंय?"

"मी अप्पा."

"अप्पा... तुमी फोन घेतलासा?" चोरी पकडल्यासारखा तो आवाज होता.

"घेतला. बोला."

"पोरगा झाला. काल सांजच्याला. चांगला हाय, रडतोय बिडतोय चांगला."

"आणि नंदी?"

पुन्हा नुसता घुमारा.

"हंबीरराव, नंदी कशी हाय?"

"ताप हाय, अप्पा. रातीपासनं उतरंना. डॉक्टर सुया टोचाय लागल्यात. मला... मला वळखंना झालीया."

"ताप? वळखत न्हाई?" अप्पांनी गल्ल्याची कड घट्ट धरली. "मग धोंडुबाईंचं नाव का घेतलं न्हाईसा?"

"त्ये घ्यायचं म्हणूनच आलतो. सकाळपासनं हितं तारऑफिसात बसून हाय. त्यांनी नाव इचारलं की उठून भाईर जायचो. परत यायचो. त्ये नाव तोंडातनं निघंना, अप्पा. दुसरं निघालं."

कुतुबुद्दीन मघाशी वखारीतल्या पोराला पेढे आणायला पाठवायच्या बेतात होता. अप्पांचा चेहरा बघून त्याचा हात खिशातच राहिला. तो हळूच पायरीवर गेला आणि येणाऱ्या टांग्याला हात करू लागला. मिरजेची गाडी दुपारची होती.

कालिंदीबाईंनी पुढं होऊन नवऱ्याच्या हातून फोन घेतला. यंत्राला त्यांचा हात लागण्याची ही पहिलीच वेळ. तो कानाला लावायचा असतो हे त्यांना माहीत होतं, पण किती जवळ, ते नव्हतं. चार बोटं लांब धरूनच त्या बोलल्या, त्यामुळे पलीकडचं सगळं अप्पांनाही ऐकू येत होतं.

"हंबीरराव, मी आई."

"आई..."

"सकाळपासनं कायतरी खाल्लंसा का?"

पलीकडं तो रेल्वेतला धिप्पाड माणूस तारऑफिसात, चार लोकांत, हुंदके देऊन रडायला लागला. कालिंदीबाई फोन तसाच धरून उभ्या होत्या आणि तो समोर बसलेला असावा तशी मान हलवत "हं... हं..." म्हणत होत्या. "आमी निघालोच. तिच्या कानात सांगा, आई निघाली म्हणून. वळखू दे न्हाईतर न वळखू दे, सांगा. आन् तुमी आधी घासभर खाऊन घ्या."

मधेच ऑपरेटरचा कोरडा आवाज आला. "तीन मिनिटं झाली. वाढवायची का?"

हंबीररावांना बोलता येण्यासारखं नव्हतं. अप्पा पुढं झाले. बायकोच्या खांद्यावरून वाकून त्यांनी फोनजवळ तोंड नेलं आणि नागपूरला फोनशिवायही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ते ओरडले, "वाढवा! वाढवा म्हणतोय न्हवं!"