तोंड न लागलेला पेला

मी एक जुना स्टीलचा पेला आहे. जुना म्हणजे पन्नास वर्षांचा, मित्रांनो. पण इतक्या वर्षांत कुणी मला धड तोंड लावलेलं नाही.

दशरथआजोबांनी पुण्यात बिऱ्हाड मांडलं, तेव्हा मला घेतलं. दुकानदार टकटक करत माझ्या पोटावर त्यांचं नाव घालत होता आणि ते मान वाकडी करून एकेक अक्षर बघत होते. वाटलं, आता हा माणूस घरी जाऊन घटाघटा पाणी पिणार! कसलं काय. त्यांनी मान मागे टाकली आणि वरून धार सोडली. रोज तसंच. मुलगा अभय चुकून तोंड लावी, तेव्हा त्याच्या पाठीत धपाटा बसे. कारण कुणी सांगत नसे.

अभय मोठा झाला, हिंजवडीला नोकरीला लागला. धायरीच्या फ्लॅटवर पाहुणे आले की ऐटीत सांगायचा, "आमच्याकडे भांडं उष्टं करत नाहीत. बाबांची शिस्त!" पाहुणे वाखाणत. मीही फुगायचो.

परवा अभयची सहा वर्षांची पियू खेळून घामाघूम आली आणि तिनं मला सरळ तोंडाला लावलं. ते ऊन ऊन इवले ओठ! एकच घोट. अभयनं फाडकन तिच्या थोबाडीत दिली. मी फरशीवर गडगडलो.

"लेकराला का मारलंस रे?" आजोबा ओरडले.

"तुम्हीच मारायचात मला!"

आजोबा पियूजवळ खाली बसले. "मला माझ्या बापानं मारलेलं. गावात वरच्या जातीचे लोक आपला विटाळ मानायचे. पाणी वरून ओतायचे, ओंजळीत. लई तहान लागली म्हणून मी त्यांच्या तांब्याला तोंड लावलं. त्यापायी बापाला चावडीपुढं तुडवला. तो घरी आला आणि..."

"बाबा, मला वाटायचं, स्वच्छता."

"बरं होतं की, तसंच वाटत होतं ते."

आजोबांनी मला विसळून काठोकाठ भरलं. "पी बाळा. लाव तोंड. आपलाच आहे."

पियूनं नाही म्हणून मान हलवली. गालावर बोटं उमटली होती. ती उकिडवी बसली आणि तिनं ओंजळ पुढे केली. "वरूनच ओता, आजोबा."

तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. लेकरू तहानलेलं होतं. आजोबांना ओतावं लागलं.

मित्रांनो, मला घासूनपुसून जपा, असं मी म्हणत नाही. घरातली एखादी शिस्त कुठून आली, ते मोठ्यांना विचारा. आणि मोठ्यांनो, हात उचलण्याआधी तेवढं सांगून टाका. मला पोचे चालतील, ओरखडे चालतील. फक्त त्या पोरीला एकदा, न घाबरता, मला तोंड लावू द्या.