क्लाइव्हचं वर गेलेलं बोट

इंग्लंडमधल्या हडर्सफील्डच्या एका पबच्या माडीवर दर गुरुवारी फाशांचा खेळ रंगायचा. कुणी एकाच फाशाला 'डाइस' असं इंग्रजी अनेकवचनात म्हटलं की सगळे क्लाइव्हकडे वळायचे. मग तो बोट उगारून म्हणायचा, "एक असेल तर डाय!" की लागले सगळे टेबल बडवायला. वीस वर्षं मेला हाच तमाशा! क्लाइव्हला त्याचा वीट आला होता.

आज चार वर्षांनी त्याची मुलगी ब्रायनी खेळायला आली होती. "तू माझं ऐकतच नाहीस, नुसत्या चुका काढतोस," असं म्हणून ती तेव्हा घर सोडून गेली होती.

"डॅड, तो लाल डाइस दे ना," ती म्हणाली.

सगळे वळले. क्लाइव्हने मुकाट्याने फासा पुढे केला.

"काय रे, मूग गिळलेस की काय?" समोरचा नॉर्मन ओरडला. "बोल की!"

सगळे आधीच टेबल बडवायला लागले. क्लाइव्हचं बोट आपसूक वर गेलं.

"एक असेल तर डाय," तो पुटपुटला.

हशा पिकला. ब्रायनीने फासा त्याच्या तळहातावर परत ठेवला आणि कोट उचलला.

जिन्यावर तिची पावलं वाजत होती, तेव्हा नॉर्मन म्हणाला, "टाक रे क्लाइव्ह, पाळी तुझीच आहे."