पत्र्यावरचा कडता

सुकलाल पाटलानं ते चित्र माझ्यासमोर धरलं, तेव्हा मी ते घेतलं आणि कापसाच्या गाठींच्या काट्यावर ठेवलं.

"हाई काय करस, लोटन?"

"वजन करस. तुम्हीच म्हंतस ना, भारी चीज शे म्हनीसन."

काटा हलला नाही. पाटीलही हसला नाही. तेव्हा मी समजलो, माणूस कामातून गेला.

शहाद्याच्या जिनिंगमध्ये मी काटावाला. तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती. कापसाची गाडी काट्यावर चढली की कापसावर पाणी किती मारलंय ते मी गाडीवानाच्या तोंडावर वाची. वजन झालं की कडता कापायचा, म्हणजे ओल, माती, कचरा यांच्या नावानं गाडीमागं थोडं वजन वजा करायचं, अशी आमच्याकडची चाल. ओल असो नसो. शेतकरी कुरकुरे, मालक खूश राही, आणि मी दोघांनाही सांगे, "काटा खरा शे." काटा खराच होता. कापणारा हात माझा होता.

ही पासष्ट सालची गोष्ट. चित्र अमेरिकेच्या मोटारीचं होतं. लांब नाक, आखूड शेपूट, पुढं दात विचकल्यासारखी जाळी. कापसाचं बियाणं पाहायला आलेला कुणी परदेशी साहेब विश्रामगृहात मासिक विसरला आणि खानसाम्यानं त्यात भजी बांधायच्या आत ते पाटलाच्या हाती लागलं. सुकलाल म्हणजे तापीकाठचा गुजर शेतकरी, केळीवाला; कुठंही गेला की आधी त्याचं पोट पोचे. नाशिकपलीकडे लढाईतली एक पडीक विमानपट्टी होती, तिच्यावर हौशी लोक वर्षातून एकदा मोटारी पळवत. ते तो मागल्या साली पाहून आला होता. आता त्याला चित्रातली गाडी स्वतःच्या खळ्यात बनवायची होती आणि त्या पट्टीवर पळवायची होती.

इंजिन त्याच्याकडं होतं. लष्कराच्या लिलावातल्या ट्रकचं, आठ सिलिंडरचं. दहा वर्षं त्यानं तापीचं पाणी केळीला ओढलं. मळ्यात वीज आल्यावर रिकामं पडलं होतं. बनवणारा हात मात्र आमच्याकडं होता. मेहबूब, जिनिंगचा मिस्त्री. बोलण्यात इतका कंजूस की दिवसाचे शब्द मोजले तर वीस भरायचे नाहीत. त्यानं चित्र चाकांपासून वर पाहत नेलं.

"व्हई," तो म्हणाला. त्या दिवसाचा तो बहुतेक पहिला शब्द.

धुळ्याच्या मोडीतून एका जुन्या टॅक्सीचा सांगाडा आला. पाटलाच्या गोठ्यातल्या म्हशी बाहेर गेल्या आणि सांगाडा आत. पाटलीणबाई जसोदाबाई दारात उभी राहून म्हणाली, "म्हैस दूध तरी देस. हाई काय देई?" 

मेहबूबला एकच काळजी होती. "इंजिन बैल शे, ब्रेक बकरी," तो म्हणे. टॅक्सीचे ब्रेक जेवढं पेलतील तेवढंच वजन वर चढवायचं. त्यानं वहीत हिशेब मांडला: पत्रा सगळा मिळून दीडशे किलो. दोन दारं, पुढच्या चाकांवरचे दोन पंखे म्हणजे मडगार्ड, मागचे दोन, बोनेट आणि डिकीचं झाकण, असे आठ तुकडे; एका दाराच्या वाट्याला तेवीस. एकेक तुकडा माझ्या काट्यावर जाईल, मगच गाडीवर बसेल. खळ्यात पाटलाचा केळीचे घड तोलायचा लटकता काटा होता. पण त्या काट्याची खोटेपणाची कीर्ती सगळ्या तापीकाठाला ठाऊक. मेहबूबनं त्याच्याकडं पाहिलंही नाही. खरं वजन हवं तर लोटनकडं.

पत्रा होता तेलाच्या पिंपांचा. मेहबूबनं पहिलं दार ठोकलं ते तळलेल्या पापडासारखं झालं. जेवणाचा डबा घेऊन आलेली त्याची बायको रजिया ते पाहून इतकी हसली की तिला खोकला लागला. नंदुरबारच्या कल्हईवाल्याची लेक. लहानपण भात्यापाशी, नवसागराच्या धुरात गेलेलं. बापाकडं आलेली चेपलेली भांडी हीच ठोकून सरळ करी.

"पत्राले समजाडनं पडस," ती म्हणाली. "मारीसन काय व्हई?"

दुसऱ्या दिवशी ती घरची कपडे धुवायची मोगरी घेऊन आली. चिंचेच्या ओंडक्यात खळगा केला, वर वाळूचं पोतं ठेवलं, आणि पत्रा समजावायला बसली. चित्रात गाडीची एकच बाजू दिसत होती. दुसरी कशी असेल यावर पाटील आणि मिस्त्री दोन दिवस वाद घालत होते. तिनं चित्राशेजारी घरचा आरसा उभा धरला. "हाई दखा दुसरी बाजू." पाटील आरशात वाकून वाकून पाहत राहिला.

मोहल्ल्यात बोलणं झालंच. मिस्त्रीची बायको पाटलाच्या गोठ्यात जाते. रजियाभाभीनं एकीला उत्तर दिलं ते गावभर झालं: "तठे म्हैस बांधेल व्हती तवय म्हैसले कोनी काही बोलनं का?"

पहिलं दार बैलगाडीतून माझ्याकडं आलं. भाभी सोबत. वीस दिवस ठोकत होती. गाडीतून उतरली, चार पावलं चालली आणि रुईच्या गाठीवर बसून खोकत राहिली. मी चहा मागवला. पदराआडून ती म्हणाली, "तेवीसना वर गयं तर मिस्त्री घेवाव नही, भाऊ. पुन्हा नवा पत्रा लेनं पडी."

दार काट्यावर चढलं. आकडे माझ्या बाजूला होते; काटा एकतीसवर थांबला.

मी दाराकडं पाहिलं. चित्रातली वळणं जशीच्या तशी होती, खालची कड नखासारखी वळवलेली. मग तिच्याकडं पाहिलं. हातांवर मोगरीचे फोड, आणि पदराच्या टोकाला एक लाल ठिपका, जो तिनं मुठीत घेतला.

"तेवीस," मी म्हणालो. "बराबर तेवीस."

एकोणीस वर्षं मालकासाठी कडता कापला होता. आठ किलो कापायला हाताला काही शिकावं लागलं नाही.

तिनं काट्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "भाऊ, तुम्हना काटा खरा शे ना?"

"एकोनीस वरीसमा कोनी चूक काढी का?"

"शेतकरी लोके काढतस. तुम्हीच ऐकतस नही."

ती हसली आणि चहा अर्धा ठेवून गेली. पुढं मग इलाज नव्हता. एक दार तेवीस तर दुसरं एकतीस कसं सांगायचं? आठही तुकड्यांवर मी आठ-आठ किलो कापले. माझ्या वहीत त्यातलं काही लिहिलं नाही. वहीत नाही ते घडलंच नाही, असं आम्हा लोकांना वाटतं.

सहासष्टच्या दिवाळीत बोनेट आलं. तेव्हा तिला चालवत नव्हतं. गाडीत बोनेटशेजारी ती बसून होती. उतरली नाही. तिथूनच म्हणाली, "झायं भाऊ बठ्ठं. आते हाऊ पत्रा पयतांना माले देखना शे. बुरखा घालीसन येसू, पाटीलनी लाडीनी जोडे बससू."

"या ना शर्यत दखाले. पाटीलनं पोट सरकाडीसन जागा करसूत," मी म्हणालो.

जानेवारीत मेहबूबनं तिला दोन्ही हातांवर उचलून टांग्यात ठेवलं, आधी स्टँडवर, मग धुळ्याच्या दवाखान्यात न्यायला. मी घोड्याचा लगाम धरला होता. तो माझ्याकडं वळला आणि म्हणाला, "काहीच वजन नही ऱ्हायनं, लोटनभाऊ."

आठव्या दिवशी तो एकटा परत आला.

वर्षभर त्यानं गोठ्याचं दार उघडलं नाही. पाटलानंही, एवढा उतावळा माणूस, तोंडातून शब्द काढला नाही. हे मी त्याच्या बाजूला मांडून ठेवतो. मग एका सकाळी मेहबूबनं आठही तुकडे गाडीवर चढवले. रंगारी आला तेव्हा त्याला पत्र्यावर खळगे बुजवायची लांबी भरू दिली नाही. "खुना ऱ्हाऊ दे," म्हणाला. निळ्या रंगाखाली मोगरीच्या खुणा तशाच राहिल्या. ऊन पडलं की तापीच्या पाण्यावर वारा फिरल्यासारखी गाडी दिसे. पाटील म्हणाला, "पहिला नंबर उना तर उना. तिना पत्रा पयना पाहिजे." मेहबूबनं नुसती मान हलवली. त्याला दुसरं काही नकोच होतं.

अडुसष्टच्या फेब्रुवारीत आम्ही तिघं ट्रकवर गाडी घालून त्या पट्टीवर गेलो. मेहबूब चालवणार होता. सकाळच्या सरावात तो सुटला आणि इंजिनाच्या आवाजानं माझ्या छातीतली हाडं वाजली. सरळ पट्टीवर पुढच्या तीन गाड्या त्यानं मागं टाकल्या. पाटील नाचला; पोटासकट. मग वळण आलं. गाडी थांबेना. ती पट्टी सोडून गवतात घुसली आणि चाकांतून धूर निघाला.

पंचांनी गाडी त्यांच्या काट्यावर चढवली. एका उंच माणसानं कागद पाहिला. "तुम्ही लिहून दिलंय त्यापेक्षा चौसष्ट किलो जास्त आहे. एवढ्या वजनाला हे ब्रेक पुरणार नाहीत. दोन वाजेपर्यंत वजन उतरवा, नाहीतर मी सोडणार नाही."

पाटलानं घड्याळ पाहिलं. मग हळूच म्हणाला, "मिस्त्री, पत्रा काढी टाकूत का? दुसरा लोके बी उघड्या गाड्या पयाडी ऱ्हायनात."

मेहबूबनं खिशातून वही काढली. आठ आकडे. बेरीज केली, दीडशे. खालून वर पुन्हा केली. दीडशेच.

"रजियानी सांगेल शे," तो म्हणाला. "एकेक तुकडा. घर ईसन तिनीच सांगं, मी लिखं."

मग तो चाकाला टेकून खाली बसला. "म्हनजे तिनी माले खोटं सांगं. कसाले, लोटनभाऊ? मी इतला कडक व्हतू का? तिले मन्हा धाक व्हता का?"

त्या दिवशीचे त्याचे शब्द मी मोजले नाहीत.

तोंड उघडायची ती वेळ होती. मी विडी काढली, परत ठेवली आणि म्हणालो, "मी पानी लई येस." पाण्याची टाकी शंभर पावलांवर होती. मी मेलेल्या बाईच्या डोक्यावर माझे चौसष्ट किलो ठेवून शंभर पावलं गेलो, आणि तांब्या भरला तरी तिथंच उभा राहिलो.

परत आलो तेव्हा डावं दार निघालेलं होतं. पत्रा खडखडू नये म्हणून भाभीनं प्रत्येक तुकड्याला आतून खळीनं गोणपाट चिकटवलं होतं. वजन कमी करायचं म्हणून मेहबूबनं ते ओढून काढलं होतं, आणि दार मांडीवर घेऊन तो आतली बाजू पाहत होता.

तिला अक्षरं येत नव्हती, आकडे येत. खिळ्यानं कोरलं होतं: तेवीस. शेजारी एका माणसाचं तोंड, डोक्यावर तिरकी टोपी. शहाद्यात टोपी तशी तिरकी मी एकटाच घालतो. त्याखाली कोरलं होतं: एकतीस. त्याच्याशेजारी केळीचा घड.

पाटलाच्या बदनाम काट्यानं तिला खरं सांगितलं होतं. आणि तिनं माझं खोटं घरी नेलं, कारण नवा पत्रा घ्यायला तिच्याकडं दिवस नव्हते. हे तिला माझ्याआधी ठाऊक होतं.

मेहबूबनं टोपीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडं पाहिलं.

"खोकत व्हती, मिस्त्री," मी म्हणालो. "पुन्हा ठोकती तर..."

त्यानं बोट टोपीवरून काढून घडावर ठेवलं. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

"माले सांगता," तो अगदी हळू म्हणाला, "तर मी ब्रेक बदलतू. पत्राले हात बी लावतू नही."

ट्रकचे मोठे ब्रेक आमच्या जिनिंगच्या मागं, सरकीच्या गोदामाशेजारी पडलेले होते. तीन वर्षं मी रोज त्यांच्यावरून ओलांडून जात होतो.

बाकीचे सात तुकडे त्यानं स्वतः काढले. प्रत्येकाच्या आत एक टोपी आणि एक घड. दोन वाजता पाटलाला म्हणाला, "तुम्ही बसा." पाटील त्या उघड्या सांगाड्यात बसला आणि नऊ गाड्यांत सहावा आला. आम्ही दोघांनी ते पाहिलं नाही. मेहबूबनं आठही तुकडे गवतावर मांडले होते, जिथला तिथं: पुढं बोनेट, बाजूला दारं, मागं झाकण. मध्ये रिकामी जागा. तिथं तो मांडी घालून बसला, आणि पट्टीवर ते आठ सिलिंडरचं इंजिन ओरडत होतं.

दुपार कलल्यावर तुकडे ट्रकमध्ये चढवायला मी दुसरं टोक धरलं. प्रत्येकाला त्यानं विचारलं, "कितलं?" लिहिलेलं नव्हतं, तरी मला सगळं पाठ होतं. मी खरं सांगत गेलो. आठवा चढल्यावर तो म्हणाला, "दोनशे चौदा." मी मान हलवली.

पुढं जागा होती, पण तो मागं पत्र्यांजवळ बसला. पाटील पुढच्या वर्षाच्या मोठ्या ब्रेकांविषयी बोलत होता.  गोणपाट निघाल्यामुळं पत्रे खडखडत होते. सटाण्यापर्यंत खडखडले. मग आवाज थांबला.

मी मागच्या काचेतून पाहिलं. मेहबूब दोन्ही हात पसरून बोनेटवर पालथा पडला होता, आणि बाकीचे तुकडे त्यानं पायांनी दाबून धरले होते.