माझ्या पाठीवर रॉयल गाला

मी एक जुना पोळपाट आहे, आणि मित्रांनो, तुमच्यापैकी कोणीही मला आवडत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, पुढे गैरसमज नको.

माझा जन्म पावणे गावातला. परदेशातून कसलंसं मशीन लाकडी खोक्यात बसून तिथल्या एका कंपनीत आलं. मशीन आत गेलं, खोका बाहेर राहिला. देवजी नावाच्या सुताराने त्यातली एक जाड फळी उचलली. फळीवर कुठल्या तरी देशाचं नाव छापलेलं होतं. देवजीने ते वाचलं नाही. त्याला वाचता येत होतं, पण जेवायला जायची घाई होती. त्याने रंधा मारला आणि माझा देश भुशात पडला. मग त्याने मला गोल कापलं आणि खाली तीन पाय ठोकले. माझ्या पाठीवर, कडेजवळ, एक काळी गाठ होती. विकत घ्यायला आलेली बाई म्हणाली, "ही गाठ कसली?"

"पाठीला हाय ती," देवजी म्हणाला. "पोळपाटाची पाठ कोन बगतंय?"

ती बाई म्हणजे काशी. तिने मला पावणे गावातल्या आपल्या घरी नेलं. पुढची बारा वर्षं मी तिच्या ओट्यावर इमानाने काढली. काशीची चपाती चंद्रासारखी गोल व्हायची. येणारे-जाणारे म्हणायचे, "काशी, काय हात हाय तुजा!" खाली पडून मार कोण खातंय, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. माणसाचा स्वभाव मला तेव्हाच कळला.

मग काशीला औषधांच्या कंपनीत पॅकिंगचं काम लागलं. ती रात्री आठला घरी येऊ लागली. तिचा नवरा मिथुन एपीएमसी मार्केटात फळांच्या पेट्या उतरवतो. पहाटे जातो, दुपारी येतो. त्यामुळे संध्याकाळच्या चपात्या त्याच्याकडे आल्या आणि मी त्याच्या तावडीत सापडलो.

पहिल्याच दिवशी काशीने त्याची चपाती दोन बोटांत उचलून दिव्यासमोर धरली. "मिथुन, ही चपाती हाय का नकाशा?"

त्या घरात भूगोल शिरला तो असा, शिवी म्हणून.

त्यांची मुलगी मनस्वी पाचवीत आहे. एके दिवशी तिने शाळेतून बातमी आणली. उझमा मॅडम चाचणी घेणार. जगाचा नकाशा न बघता काढायचा आणि त्यात दहा देश दाखवायचे. काशी म्हणाली, "तळमजल्यावर मालतीबाईंचा क्लास हाय. सहा ते आठ. उद्यापासून जायचं."

मनस्वीचा चेहरा पडला. सहा ते आठ ही तिची ओट्यावर बसायची वेळ. बाबा लाटणार, ही पाय हलवत बडबडणार आणि पहिली गरम चपाती गुंडाळून खाणार. मिथुनने तिच्याकडे पाहिलं आणि छाती पुढे काढली. "क्लास कशाला? मी शिकवतो. अख्खं जग रोज माज्या खांद्यावरून जातं."

"जगाची हमाली करतोस तू. वलख हाय का?"

"बगच तू."

"बरं. पन एक जरी चुकला ना, तरी थेट क्लास. मग माज्याकडं रडत यायचं नाय."

मित्रांनो, हा 'चुकला' शब्द लक्षात ठेवा. मी ठेवला होता. ती चुकावी, क्लासला जावी आणि ओट्यावर शांतता व्हावी, एवढीच माझी इच्छा होती.

दुसऱ्या दिवशी मिथुनने मला पालथा पाडला. पेट्यांवर नावं टाकायचा तो न पुसणारा काळा मार्कर काढला. मनस्वी म्हणाली, "बाबा, कागद आणू?"

"कागद चौकोनी असतो. पृथ्वी कशी हाय?"

"गोल."

"मंग?"

त्याने माझ्या पाठीवर जग काढलं. माझा एक पाय ब्राझीलमध्ये आला, एक रशियात आणि एक चीनच्या तोंडाशी. आफ्रिका त्याने वांग्यासारखी काढली. नंतर कळलं, खरी आफ्रिकाही थोडीफार तशीच आहे. मला फार वाईट वाटलं.

मग मिथुन रोज खिशातून फळांवरचे स्टिकर आणायचा आणि जागच्या जागी चिकटवायचा. इजिप्त म्हणजे संत्रं. तुर्कस्तान म्हणजे सफरचंद. व्हिएतनाम म्हणजे ड्रॅगनफ्रूट. चिलीहून द्राक्षं येतात म्हणून चिली. "चिलीत मिरच्या नाय पिकत का?" मनस्वीने विचारलं. "पिकत असतील. आपल्याकडं द्राक्षं पाठवतात, मिरच्या स्वता खातात," मिथुन म्हणाला. भारताला स्टिकर नव्हता. तिथे त्याने कणकेचं बोट टेकवलं.

पोरगी हुशार निघाली. आठवड्याभरात डोळे मिटून माझ्या पाठीवर बोट फिरवायची आणि म्हणायची, "हा खड्डा मेडागास्कर." मी दात खाल्ले असते, पण मला नुसते पाय आहेत.

नऊ देश झाले. दहावा मिळेना. तेव्हा मिथुन एक लाल स्टिकर घेऊन आला. त्यावर लिहिलं होतं: रॉयल गाला, न्यूझीलंड, ४१७३.

"न्यूझीलंड तर झाला आपला. कीवीचा," मनस्वी म्हणाली.

"हा त्याच्या बाजूचा. रॉयल म्हंजे राजाचा. राजा हाय म्हंजे देश हाय."

"राजधानी?"

मिथुनने तीन सेकंद विचार केला. "गाला."

"आनि हा आकडा?"

"लोकसंख्या. लहान देश हाय गं."

त्याने न्यूझीलंडखाली जागा शोधली. तिथे माझी ती काळी गाठ होती. "बग, बेट पन तयारच हाय," तो म्हणाला आणि स्टिकर गाठीवर दाबला. मित्रांनो, माझा देश भुशात पडून बारा वर्षं उलटून गेली होती. त्या दिवशी मला दुसरा मिळाला. मला आनंद झाला असं नाही. मी फक्त नोंद घेतली.

चाचणी झाली. वही घरी आली. दहापैकी नऊ. खाली लाल शाईत लिहिलं होतं: 'रॉयल गाला कुठे आहे? पालकांनी भेटावे.'

मी मनात नाचलो. मिथुन मात्र पेटला. "दहावा मार्क कापला? मी पुरावा दाखवतो." त्याने मला भाजीच्या पिशवीत कोंबलं आणि मनस्वीला घेऊन शाळेत गेला. मी गवार आणि अर्धा किलो टोमॅटोंसोबत शिक्षण खात्याच्या दारात उभा होतो. एवढा अपमान कणीक शिळी असतानाही झाला नव्हता.

उझमा मॅडमच्या टेबलावर त्याने मला पालथा ठेवला. मॅडमनी आधी सगळे स्टिकर वाचले. मग त्यांनी गाठीवर बोट ठेवलं. "मिथुनभाऊ, रॉयल गाला ही सफरचंदाची जात आहे."

"म्हंजे देश नाय?"

"नाही."

"मंग तितं चार हजार एकशे त्र्याहत्तर मानसं..."

"तो दुकानातला फळाचा नंबर आहे."

खिडकीत उभी असलेली पोरं खिदळली. एक ओरडला, "ए, मनस्वीचे बाबा पोळपाट घेऊन आलेत!" मिथुनचे कान लाल झाले. वीस-वीस किलोच्या पेट्या उचलणारा माणूस मला उचलायलाही हात पुढे करेना. तेव्हा मनस्वी पुढे झाली. "मॅडम, बाबांनी नाय सांगितलं. तो स्टिकर मीच चिकटवला. बाबांना माहीतच नव्हतं."

सरळ सरळ खोटं. तेही एवढ्याशा पोरीने, मॅडमच्या तोंडावर. मॅडमनी दोघांकडे पाहिलं. "बाकी नऊ बरोबर आहेत," त्या म्हणाल्या. "वर्गात न्यूझीलंड जागेवर काढणारी ही एकटीच. मार्क मात्र नऊच."

रात्री काशीने वही पाहिली. "नऊ. ठरलं होतं ना? उद्यापासून क्लास."

मनस्वी माझ्याशेजारी ओट्यावर बसली होती. ती शांतपणे म्हणाली, "आई, तू म्हनालीस, एक जरी चुकला."

"हो, म्हनाले."

"चुकला. चुकली नाय."

काशीने हळूच मान मिथुनकडे वळवली. मॅडमपुढे बापासाठी खोटं बोलणारी ती हीच पोरगी.

"मनू, मी बाप हाय तुजा!" मिथुन म्हणाला.

"नियम म्हंजे नियम," काशी म्हणाली. "दर शनिवारी. वही नवीन घे."

मिथुनने स्टिकर नखाने खरवडून काढला आणि गाठ पुन्हा उघडी पडली. दोन देश गेले माझे, दोन्ही वेळा खरवडूनच.

पहिल्या शनिवारी मिथुन मालतीबाईंकडे पाचवीच्या पोरांत मांडी घालून बसला आणि चपाती मनस्वीने लाटायला घेतली. मी सूड घेतला. माझा ब्राझीलमधला पाय सैल आहे. ऐन वेळी मी कललो. चपातीला एका बाजूला शेंडी फुटली, दुसऱ्या बाजूला खाडी पडली.

तेवढ्यात मिथुन गृहपाठ घेऊन वर आला. तव्यावरून उतरलेली चपाती त्याने दिव्यासमोर धरली. "हा कुठला देश?"

"रॉयल गाला," मनस्वी म्हणाली.

"लोकसंख्या?"

"चार हजार एकशे त्र्याहत्तर."

"राजधानी?"

"गाला."

त्याने चपातीवर तूप लावलं आणि मधोमध फाळणी केली. अर्धी मनस्वीला, अर्धी स्वतःला. अशा रीतीने रॉयल गाला हा देश जगातून नाहीसा झाला. कोणीही निषेध नोंदवला नाही.

तर मित्रांनो, बोध. पोळपाट ओला ठेवू नका, त्याला बुरशी येते. त्याचा सैल पाय वेळीच ठोकून घ्या. जग काढायचं तर कागदावर काढा. आणि कोणाच्या पाठीवर देश चिकटवलाच, तर तो खरा आहे का हे आधी बघा. नसला, तरी चिकटवलेला राहू द्या. पाठ कोण बघतंय?