हळदीला कोण गाणार

हिराचा नवरा होडीसकट गेला त्याला दोन वर्षं झाली. त्याआधी मिरकरवाड्यात कुठलीही हळद तिच्या आवाजाशिवाय लागत नसे. पहिली ओळ ती म्हणायची आणि बाकीच्या बायका मागून उचलायच्या. पण विधवेने हळदीची गाणी म्हणायची नाहीत. हे तिला कोणी सांगायची गरज पडली नाही, तीच मागच्या पडवीत जाऊन बसू लागली. रडू तर पहिल्या दिवशीसुद्धा आलं नव्हतं. सुकत घातलेल्या मासळीसारखी ती आतून कोरडी झाली होती.

त्र्याऐंशी सालच्या वैशाखात तिच्याच लेकीची, कमळाची हळद होती. कमळा पाटावर बसली आणि म्हणाली, आय गायल्याशिवाय अंगाला हळद लावून घेणार नाही. हिराची नणंद मथुरा गायला तयार होऊन बसली होती. ती फणकारली. मुलीच्या कुंकवाशी खेळ नको, उद्या काही वाईट झालं तर माझ्या दारात रडत येऊ नका, म्हणाली. वाटीतली हळद तशीच राहिली.

हिराचा थोरला मुलगा मोरू विलायती प्रवासी बोटीवर जेवण वाढायच्या कामाला होता, लग्नासाठी रजेवर आला होता. त्याने त्यांच्या बोटीवरच्या गाणारणीची हकीकत काढली. नोरा टिंडल तिचं नाव. आई बंदरावर मासळी साफ करायची. ही लहानपणी देवळात गायची, अमेरिकेतली काळी माणसं गातात तशी, पोटातून आवाज ओढून. विशीत तिच्या तबकड्या घरोघरी वाजत, पोरी तिच्यासारखे केस कापून घेत. मग नवी गाणी आली, हिला कोणी विचारीना, आणि ती बोटीवर गायला लागली. नवरा पेटी वाजवायचा. एका सफरीत तो बोटीवरच वारला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती नेहमीसारखी गायला उभी राहिली.

बायकांचं चित्त भलतीकडेच अडकलं. इथे बाईने होडीला पाय लावायचा नाही, आणि ही तर होडीवर उभी राहून गाते!

"मग बुडली नाय ती बोट?" मथुराने विचारलं.

"नाय गो आत्ये. बुडली असती तर तुला सांगायला मी कुठून आलो असतो?"

बायका हसल्या. हिरा मागल्या दारातून ऐकत होती.

"गाताना रडली काय रे ती?"

"नाय आये. मीच पाणी ठेवलं तिच्यापुढे. तोंडावर काय नव्हतं. आवाज होता तसाच होता."

"मग गायली कशाला?"

"मी विचारलं तिला. म्हणाली, गायची वेळ झाली होती."

पदराला हात पुसून हिरा पुढच्या पडवीत आली. मथुराने सरकून जागा दिली नाही, तेव्हा ती तिच्या शेजारी उभीच राहिली आणि तिने पहिली ओळ म्हटली. मागून कोणी उचललं नाही. तिने तीच ओळ पुन्हा म्हटली. मग कोपऱ्यातल्या विमलाने उचलली, हळूहळू बाकीच्यांनी. मथुरा तोंड मिटून बसली होती, पण हळदीची वाटी तिच्याच हातात होती. तिने ती विमलाकडे दिली.

कमळाच्या गालाला हळद लागली आणि तिला रडू फुटलं. हिरा तिच्याकडे बघत गात होती. स्वतःचाच आवाज शेजारच्या घरातून यावा तसा तिला ऐकू येत होता. बरं वाटत नव्हतं, वाईटही वाटत नव्हतं. मागून भात करपल्याचा वास आला. तिने मोरूला हातानेच खूण केली, बघ जाऊन, आणि पुढची ओळ धरली.